पितळखोरे लेणी: दरीत उतरण्याआधी आणि उतरल्यावर

"पितळखोऱ्याला जाऊन आलो, पण तिथे फारसं काही शिल्लक नाही." हे वाक्य नातेवाइकांकडून, शेजाऱ्यांकडून, बरोबर काम करणाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी लगेच उलट विचारते, "पोहोचलात किती वाजता?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: वेरूळ आटोपून, साडेतीन-चारला. खाली उतरेपर्यंत दरीत सावली पसरलेली, पाय दुखायला लागलेले, लेण्यांच्या आत काळोख, आणि वर गाडीवाला हॉर्न वाजवतोय. अशा वेळी कुठलीच जागा काही दाखवत नाही.

डोंगरात कोरलेली ही प्राचीन बौद्ध लेणी पडझडीची आहेत, हे खरं. दर्शनी भाग कोसळले आहेत, स्तूप फुटला आहे, खांब अर्धेमुर्धे उरलेत. म्हणूनच इथे क्रमाला महत्त्व आहे. अखंड लेणं कुठूनही पाहिलं तरी कळतं, पडकं लेणं मात्र पहिली गोष्ट आधी पाहिली तरच उलगडतं. मी आजवर पाच वेळा गेले. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. त्या कशामुळे गेल्या आणि नंतर काय बदललं, ते इथे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे.

१. आधी वाट ठरवा: वरून की खालून

पितळखोरे सातमाळा रांगेत, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या डोंगरात आहे. एका बाजूला छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला कन्नड तालुका, दुसऱ्या बाजूला डोंगराखाली जळगाव जिल्ह्यातला चाळीसगाव तालुका. त्यामुळे इथे यायच्या वाटाही दोन आहेत, आणि पहिली चूक इथेच होते.

वरची वाट कन्नडकडून येते. कन्नड परिसरात कालीमठाचा फाटा विचारा. तिथून गाडी थेट दरीच्या माथ्यापर्यंत जाते आणि पुढे पायऱ्यांनी खाली उतरायचं. वेरूळपासून हे अंतर साधारण ४० किलोमीटर आहे, आणि वेरूळ छत्रपती संभाजीनगरपासून ३० किलोमीटर. घरातली मोठी माणसं, मुलं, पहिल्यांदा येणारे, सगळ्यांसाठी हीच वाट.

खालची वाट डोंगराखालच्या पाटणादेवीच्या देवळाकडून चढते. ती जंगलातून, ओढ्याच्या कडेने येणारी डोंगरवाट आहे आणि तिला पूर्ण दिवस लागतो. वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि गावातला माहीतगार वाटाड्या, या दोन्ही गोष्टींशिवाय तिकडून चढू नका. हे अभयारण्य आहे, बिबट्याचं घर आहे. चुकलेल्या ढोरवाटेवर फोनला रेंज मिळत नाही.

मोबाइलच्या नकाशावर "पितळखोरे" टाकलं की चाळीसगावकडून येणाऱ्यांना कधी पाटणादेवीची दिशा दाखवली जाते, कारण सरळ रेषेत ती बाजू जवळ आहे. गाडी खालच्या बाजूला नेऊन उभी केलीत, तर लेणी डोक्यावर राहतात. चाळीसगाव रेल्वे स्टेशनवर उतरून गाडीने वर यायचं असेल तर कन्नड घाट, म्हणजेच औट्रम घाट, चढून कन्नडच्या बाजूला यावं लागतं.

तपासा: निघण्याआधी ड्रायव्हरला विचारा, "माथ्यावर जायचंय, पाटणादेवीला नाही, माहीत आहे ना?" त्याने कालीमठाचं नाव घेतलं तर निर्धास्त बसा.

२. महिना आणि वार

सगळे पावसाळ्यात जातात, कारण लेण्यांशेजारचा धबधबा तेव्हाच वाहतो आणि फोटो देखणे येतात. तुम्हाला धबधबाच पाहायचा असेल तर जरूर जा, पण मग लेणी पाहिल्याचं समाधान मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. जुलै ते सप्टेंबर पायऱ्यांवर शेवाळ असतं, ओढा फुगलेला असला तर पलीकडची लेणी हुकतात आणि लेण्यांच्या आत ओल आणि अंधार असतो. घाटाचाही भरवसा नसतो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. चाळीसगावकडून येणाऱ्यांनी पावसाळ्यात निघायच्या सकाळी घाट चालू आहे का, हे विचारूनच गाडी काढावी.

माझ्या मते दिवाळीनंतरचे दिवस ते फेब्रुवारीअखेर हा खरा हंगाम. ओढ्याला थोडं पाणी असतं, पायऱ्या कोरड्या असतात, हवा कोरडी असल्याने कोरीव काम स्पष्ट दिसतं. मार्चनंतर उतरणं सोपं, पण भर दुपारी वर चढणं फार जड जातं.

वाराबद्दल एक साधी युक्ती. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. ज्यांचा मुक्काम वेरूळला आहे त्यांनी मंगळवार पितळखोऱ्याला द्यावा. दिवस वाया जात नाही, आणि "वेरूळ करून जाऊ" हा मोहही आपोआप टळतो. रविवार मात्र टाळाच.

३. घरी बसून करायची तयारी

ही तयारी लोक सर्वात आधी गाळतात, आणि तिच्यावाचूनच खाली गेल्यावर "काही नाही" वाटतं.

पहिली गोष्ट: पितळखोऱ्याची सगळी शिल्पं आज पितळखोऱ्यात नाहीत. उत्खननात मिळालेला तो ठेंगणा, पोटाळा, हसरा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलेल्या ओळीत तो घडवणाऱ्याचं नाव आहे: कन्हदास, धंद्याने सोनार. इतक्या जुन्या काळातल्या कारागिराने स्वतःचं नाव मागे ठेवणं फार दुर्मीळ. काही शिल्पं मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मुंबईकरांनी आधी तिथे जावं, मग दरीत. आधी नग पाहिलेले असले की रिकामी जागा पाहताना तिथे काय असेल, हे डोळ्यांना सुचतं.

दुसरी गोष्ट: तीन शब्द पक्के करा. चैत्य म्हणजे वंदनेची जागा, आत स्तूप, मागची बाजू गोलाकार. विहार म्हणजे भिक्खूंची राहायची जागा, भिंतींना कोठड्या. जोते म्हणजे ज्या बैठकीवर दर्शनी भाग उभा असतो ती. पितळखोऱ्याचं खरं देणं जोत्यापाशीच सुरू होतं.

तिसरी: इथे १४ लेणी आहेत, दरीच्या दोन्ही अंगांना. बहुतेक इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतली, म्हणजे जेव्हा बुद्धाची मूर्ती घडवायची रीत सुरू झालेली नव्हती तेव्हाची. मोठी बुद्धमूर्ती शोधत फिरणारे म्हणूनच निराश होतात. खांबांवर उरलेल्या चित्रांत जे बुद्ध दिसतात ते पुष्कळ नंतरचे, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातले. हे मनात पक्कं असलं की खांब, स्तूप आणि दरवाजा यांच्याकडे नीट लक्ष जातं.

४. पिशवीत काय हवं

- माणशी निदान तीन लिटर पाणी. खाली पाणी विकत मिळेल असं धरून चालू नका.
- दशमी, चटणी, केळी, गूळ-शेंगदाणे. वेफर्सची पाकिटं नकोत: माकडं पाकीट ओळखतात आणि कचराही होतो.
- पकड असलेले बूट. गुळगुळीत तळव्याच्या सपाता किंवा चपला नकोत.
- हातातली बॅटरी, माणशी एक. मोबाइलचा उजेड समोरच पडतो, आणि इथे उजेड बाजूने पाडायचा आहे. कारण पुढे सांगते.
- छोटी वही आणि पेन्सिल.
- गुडघे दुखणाऱ्यांसाठी काठी. ही काठी उतरताना लागते, चढतानाचं दम लागणं वेगळं.
- कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी.

अत्तर, सुगंधी तेल, भडक स्प्रे लावून जाऊ नका. अशा कड्यांवर आग्या मोहोळ बसतं आणि उग्र वास व धूर या दोन्हींनी ते उठतं. कड्याखाली शेकोटी, चूल, अगरबत्ती काहीही पेटवायचं नाही. मोहोळ दिसलं तर आवाज खाली, चाल संथ, आणि त्याच्या थेट खाली थांबायचं नाही.

सावध: मोबाइलची रेंज माथ्यावरच जाते-येते, खाली तर विचारूच नका. घरच्यांना "इतक्या वाजेपर्यंत वर येऊन फोन करते" ही वेळ माथ्यावरूनच कळवून ठेवा.

५. माथ्यावर दहा मिनिटं

नऊ वाजेपर्यंत माथ्यावर पोहोचायचं असं धरून सकाळ आखा. वेरूळ किंवा कन्नडचा मुक्काम असेल तर हे सहज जमतं. मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून थेट दरीत उतरू नका. झोप न झालेला पाय पायरीवर चुकतो.

माथ्यावर पोहोचल्यावर लगेच पायऱ्यांकडे धावायचं नाही. आधी गाडीवाल्याशी वेळ ठरवा, आणि ती तासांत नको, घड्याळातली सांगा: "दुपारी अडीचला आम्ही वर." पहिल्या खेपेला आम्ही भाड्याच्या गाडीवाल्याला "तासाभरात येतो" म्हणालो होतो. आम्हाला तीन तास लागले. तो वाट पाहून कंटाळला आणि चहाला म्हणून गावात निघून गेला. बरोबर सदुसष्ट वर्षांच्या आत्या होत्या. उतरताना शेवाळावर घसरून त्यांचा घोटा मुरगळला होता. माथ्यावर बसायला सावली नाही, फोन लागत नाही, अंधार पडत चाललेला. तो दिवस आठवला की अजूनही जीव घाबरा होतो. चूक आमची होती, ऑगस्टात आणि दुपारी तीनला आत्यांना खाली नेण्याची.

म्हणून आता ज्यांना गुडघ्याचा, छातीचा, दम्याचा त्रास आहे त्यांच्याशी इथे, माथ्यावरच, स्पष्ट बोलते. उतरणं शेकडो पायऱ्यांचं आहे आणि जितकं उतरलात तितकंच भर उन्हात चढायचं आहे. माथ्यावरून दरी दिसते, समोरचा कडा दिसतो. कुणाला खाली यायचं नसेल तर त्यांना गाडीत बसवून, पाणी ठेवून, सोबतीला एकाला थांबवा.

मग दरीकडे बघा. ओढा कुठून येतो, कुठे कोसळतो आणि पुढे कुठल्या बाजूने खाली उतरतो. तो ज्या बाजूला उतरतो, तिकडे पाटणादेवी. ही दिशा लक्षात असली की सातव्या टप्प्यात फार उपयोगी पडते.

तपासा: सगळ्यांकडे पाणी? बॅटरी चालू होते? परत निघायची वेळ सगळ्यांना ठाऊक? तरच पहिली पायरी.

६. उतरणं

पुढे एक सवयीचा माणूस, शेवटी एक. मुलं मध्ये. धबधब्याच्या कड्याकडे, म्हणजे ओढा जिथून खाली पडतो त्या काठाकडे, फोटोसाठी कुणीही वळायचं नाही. तो दगड कोरडा असला तरी गुळगुळीत झालेला असतो. उतरताना बोलत बोलत फोन धरणं नको, थांबून फोटो काढा.

लेण्यांच्या पातळीला आल्यावर पाच मिनिटं बसा, पाणी प्या. श्वास जागेवर येऊ द्या, मगच आत.

७. पाहण्याचा क्रम

आजच्या पायऱ्या आपल्याला वरून आणून सोडतात. लेणी कोरणाऱ्यांनी मात्र खालून, दरीतून चढून येणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता. दमलेला, घामाघूम झालेला तो माणूस वर पाहतो तेव्हा त्याला आधी काय दिसतं, मग काय, मग काय, हे सगळं योजलेलं आहे. म्हणून आजची वाट तुम्हाला कुठेही आणून सोडो, सुरुवात जोत्यापासून करा. आधी काळोख्या चैत्यात शिरून, मग विहारातल्या कोठड्या मोजून, जाता जाता हत्तींसमोर सेल्फी, हा उलटा क्रम मी दर खेपेला पाहते. तो मोडा.

पहिल्यांदा हत्ती. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे, सगळे तुमच्याकडे तोंड करून, जणू वरचा सगळा डोंगर त्यांनीच पाठीवर पेलला आहे. मोजा: नऊ. काहींची सोंड गेली आहे, काहींचं तोंड झिजलं आहे, पण कानांची कड आणि कपाळाची गोलाई हाताच्या अंतरावरून पाहिली की घडवणाऱ्याने जिवंत हत्ती जवळून पाहिला होता याबद्दल शंका उरत नाही. हात लावायचा नाही, पाठीवर मुलं बसवायची नाहीत. ही सगळी रांग मलब्याखाली गाडलेली होती. १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या म. ना. देशपांडे यांच्या कामात तो मलबा उपसला गेला तेव्हा ती मोकळी झाली.

दुसऱ्यांदा दरवाजा. दोन्ही बाजूंना द्वारपाल उभे आहेत, अंगात अंगरखा, हातात भाला, ढाल. त्यांचा पोशाख, उभं राहण्याची ढब निवांत बघा. इथे पाचएक मिनिटं द्या.

तिसऱ्यांदा नाग. दरवाजाजवळ पाच फण्यांचा नाग आहे. त्याला नुसतं शिल्प समजून पुढे जाऊ नका. वर डोंगरातून येणारं पाणी पन्हळीने आणून या फण्यांतून बाहेर काढण्याची सोय केलेली आहे. पन्हळ कुठून येते ते नजरेने वर शोधत जा. दारात येणाऱ्याच्या पायांवर, हातांवर पाणी पडावं, ही कल्पना दगडात उतरवलेली पाहून मी दर वेळी थांबते. पितळखोऱ्यातली मला सर्वात आवडती गोष्ट हीच.

चौथ्यांदा, दरवाजातून आत दगडातच कोरलेला जिना आणि वर चौथं लेणं, म्हणजे विहार. जिना बंद केलेला आढळला तर तिथल्या पहारेकऱ्याला विचारा, अडसर स्वतः काढू नका. वर दर्शनी भाग ढासळल्यामुळे लेणं उघडं पडलं आहे. कोठड्यांत डोकावून छताकडे बघा. छत कमानीसारखं वळलेलं आहे आणि त्यावर वाशांसारख्या पट्ट्या कोरल्या आहेत. लाकडी घराचं छप्पर दगडात उतरवलं आहे. आजही गावात ज्यांनी वाशांचं घर पाहिलं आहे त्यांना हे चटकन कळतं. कोठडीत उजेड कसा यायचा, झोपायचा ओटा कुठे, दार कुठल्या बाजूला, एवढं पाहिलं की पाच मिनिटांत भिक्खूचा दिवस समोर उभा राहतो.

पाचव्यांदा तिसरं लेणं, चैत्य. उशिरा यायचं कारण असं की आता डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि मनही शांत झालेलं असतं. खांब अष्टकोनी आहेत आणि किंचित आत कललेले. थोडं मागे सरून दोन खांबांमधली फट बघा, तो कल दिसेल. बाजूच्या पडवीच्या छताला दगडी फासळ्या आहेत. मधल्या मोठ्या छताला लाकडी फासळ्या होत्या, त्या गेल्या. स्तूपही पूर्ण उरलेला नाही. त्याच्या तळात उत्खननाच्या वेळी स्फटिकाचे अस्थिकरंडक, म्हणजे अस्थी ठेवायच्या डब्या, मिळाले होते.

खांबांवर चित्रांचे अवशेष आहेत. बॅटरी त्यांच्यावर रोखून धरू नका, फ्लॅश मारू नका. उजेड शेजारच्या कोऱ्या भिंतीवर टाका, तिथून परतणाऱ्या मंद प्रकाशात रंग जास्त चांगले दिसतात. करून बघा.

वंदना म्हणायला येणाऱ्यांना एक विनंती. या जागी त्रिशरण-पंचशील म्हणणं योग्यच, चपला बाहेर काढून, हळू आवाजात म्हणा. मेणबत्ती, अगरबत्ती, फुलांचे हार मात्र बाहेरही नकोत. काजळी चित्रांवर बसली की ती निघत नाही, आणि ती चित्रं आपलीच आहेत.

सावध: दर्शनी भाग ढासळलेल्या लेण्यांच्या ओठावर, लोंबत्या कातळाखाली, गर्दी करून उभे राहू नका. इथला दगड थरांचा, ठिसूळ आहे. ज्या कारणाने दोन हजार वर्षांत एवढं कोसळलं, ते कारण अजून तिथेच आहे.

८. अक्षरं शोधणं

बॅटरी यासाठी आणायला सांगितली होती.

खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत लहान लेख आहेत. लोक ते वाचायला काय करतात? ओल्या फडक्याने पुसतात, खडू घासतात, बोट फिरवतात. तिन्ही गोष्टींनी दगडाचा पापुद्रा जातो, आणि कायद्याने संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

योग्य पद्धत अशी. बॅटरी खांबाच्या अगदी कडेला, दगडाला जवळजवळ टेकल्यासारखी धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल. समोरून उजेड टाकला तर दगड सपाट दिसतो. कडेने टाकला की प्रत्येक खाचेत सावली भरते. बॅटरी हळूहळू वर-खाली न्या. काही क्षणांत जिथे नुसते ओरखडे वाटत होते तिथे ओळ उमटते.

आता दोन अक्षरं ओळखा. ब्राह्मीतला ठ म्हणजे नुसतं वर्तुळ. थ म्हणजे वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी ठिपका. इथल्या एका लेखाचा आशय असा आहे की पतिठानच्या मितदेव नावाच्या गाधिकाच्या, म्हणजे सुगंधी वस्तूंचा व्यापार करणाऱ्याच्या, कुळाने हा खांब दान दिला. पतिठान म्हणजे आपलं पैठण. पतिठान शब्दात ठ येतो, म्हणजे रिकामं वर्तुळ, त्याला काना दाखवणारी बारीकशी आडवी रेघ. पुढे "थभो", म्हणजे खांब, या शब्दाच्या सुरुवातीला ठिपक्याचं वर्तुळ. आणि "दान" या शब्दातला न उलट्या टीसारखा: खाली आडवी रेघ, तिच्या मधोमध वर जाणारी उभी रेघ. ही तीन चिन्हं एका ओळीत सापडली की तुम्ही पैठणच्या एका गंध्याच्या घराण्याची पावती वाचत आहात.

माझ्या भाचीला, सातवीतल्या, ही चिन्हं वहीच्या पानावर काढून दिली होती. तिने बॅटरी धरून खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग एकदम थांबली आणि कुजबुजली, "मावशी, हा ठिपका!" पुढची वीस मिनिटं ती तिथून हलली नाही.

चौथ्या लेण्यातही लेख आहेत. तिथे राजवैद्य मगिल आणि त्याच्या मुलांची दानं नोंदलेली आहेत. व्यापारी, वैद्य, सोनार: दरीतली ही जागा अशा लोकांच्या पैशाने आणि हाताने उभी राहिली.

तपासा: वहीत नुसतं "लेख पाहिला" असं लिहू नका. लेणं कितवं, खांब दाराकडून कितवा, कुठल्या बाजूला, ओळ किती उंचीवर, एवढं लिहा. पुढच्या खेपेला शोधाशोध वाचते.

९. पलीकडची लेणी

बाराच्या सुमारास, ओढ्याला पाणी कमी असेल तरच, पलीकडे जा. तिथली लेणी लहान आहेत, स्तूपांची, आणि बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत. दगडावरून दगडावर उड्या मारत ओढा ओलांडू नका. पाण्याखालचा तळ दिसत नसेल तर जाऊच नका. गुडघ्याच्या वर पाणी असलं की त्या दिवशी पलीकडचं राहू द्या.

पलीकडे जायचं खरं कारण मागे वळून पाहणं हे आहे. इथून मुख्य लेण्यांची पूर्ण रांग एका नजरेत येते: कुठलं दार कुठल्या जोत्यावर, कुठला कडा कुठे तुटला, पाणी कुठून उतरतं. सकाळी एकेक करून पाहिलेलं इथे एकत्र जुळतं. वहीत या रांगेचं एक ओबडधोबड चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल, दारांच्या जागा बरोबर आल्या म्हणजे झालं.

जेवण इथे, सावलीत, लेण्यांच्या बाहेर. साल, कागद, दाणा, सगळं पिशवीत परत. ड्रोन उडवायचा विचार असेल तर घरीच ठेवा. परवानगीशिवाय तो संरक्षित स्मारकावर चालत नाही, शिवाय वर मोहोळ आहे.

१०. वर येणं आणि संध्याकाळ

दीड वाजता चढायला लागा, कितीही थांबावंसं वाटलं तरी. दरी अरुंद असल्याने ऊन खाली लवकर सरतं, पायऱ्यांवर मात्र ते दुपारभर असतं. वीस-पंचवीस पायऱ्या, एक थांबा, दोन घोट पाणी, असा ताल धरा. सर्वात हळू चढणाऱ्याला पुढे ठेवा. तो मागे राहिला की घाई करतो आणि तिथेच पाय चुकतो.

माथ्यावर आल्यावर आधी माणसं मोजा, मग घरी फोन करा. मग गाडीवाला.

त्याच संध्याकाळी, मुक्कामावर, फोटोंना नावं द्या: लेणं, बाजू, काय आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या कोठड्या सारख्याच दिसतात आणि कुठला नाग, कुठली पन्हळ, ते हातातून निसटतं. चाळीसगावकडे उतरणाऱ्यांनी घाट उजेडात पार करावा. वेरूळला मुक्काम असणाऱ्यांनी बुधवारी सकाळी तिथलं दहावं लेणं, विश्वकर्म्याचं चैत्य, पाहायला जावं. तिथेही छताला दगडात वासे कोरलेले आहेत. आदल्या दिवशी पितळखोऱ्यातल्या कोठड्यांचं छत डोळ्यांत भरलेलं असेल, तर पहिल्या नजरेत ओळख पटेल.